पशुखाद्याच्या दुकानातला गहू भुसा: एन्झाइमसाठी घ्यावा का?

निकाल आधीच सांगतो. मातीतल्या बॅसिलस जिवाणूंकडून अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) किंवा प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं) काढायचं असेल, तर ठाणे-नवी मुंबईत सहज मिळणाऱ्या स्वस्त मालांत गव्हाच्या जाड भुशाला तोड नाही. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा गुण कापला तो भेसळीपायी आणि पावसाळ्यात पोत्याची जी दशा होते तिच्यापायी. फळांच्या साली, बटाट्याचा उकिरड्यावरचा माल, रसवंतीची चिपाडं हे सगळं फुकट मिळतं म्हणून प्रोजेक्टचे विद्यार्थी आणि नवे लघुउद्योजक तिकडे वळतात. फुकटचा माल शेवटी किती महागात पडतो तेही पुढे येईलच.

पहिली अडचण नावाची. दुकानात नुसता ‘कोंडा’ मागितला तर बहुधा तांदळाचा कोंडा पुढे येतो, आणि तो या कामाला निराळा माल आहे. गव्हाचा रवा-मैदा काढताना रोलर मिलमध्ये दाण्याचं साल वेगळं होतं, त्याला आपल्याकडे पशुखाद्यवाले ‘गहू भुसा’ म्हणतात. हिंदी बोलणारा व्यापारी ‘चोकर’ म्हणतो. शेतातल्या काडाचाही भुसाच म्हणतात, म्हणून ‘मिलचा, जाड, सालीचा’ असं स्पष्ट सांगावं. घराजवळच्या पीठगिरणीत हा माल मिळत नाही, कारण तिथे साल पिठातच दळलं जातं. घरी कणीक चाळून जो कोंडा निघतो तो फार बारीक असतो आणि ओला केला की त्याचा चिकट गोळा होतो.

जाड भुशाचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक चपटी पापडी. बाहेरून तपकिरी, आतल्या बाजूला पांढरट पिठाचा थर चिकटलेला. त्या थरातला स्टार्च अमायलेज बनवायला जिवाणूला चिथावणी देतो. सालीसोबत १४ ते १६ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं येतात, शिवाय फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि ब गटातली जीवनसत्त्वं. पण खरा गुण आकारात आहे. पापड्या एकमेकींवर आडव्यातिडव्या बसतात आणि मधे हवा खेळती राहते. बॅसिलसला प्राणवायू भरपूर लागतो. द्रव माध्यमात तो शेकर आणि एअर पंप लावून द्यावा लागतो, इथे आकारच ते काम करतो. जोकिची ताकामिने यांनी १८९४ साली अमेरिकेत बुरशीपासून काढलेल्या डायस्टेजचं (स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमचं) पेटंट घेतलं, तेव्हा त्यांनीही तांदूळ सोडून गव्हाचा कोंडाच वापरला होता. सव्वाशे वर्षांनंतरही या मालाला सरस पर्याय पटकन सापडत नाही.

पोतं घेताना मात्र डोळे उघडे हवेत. भुशात भाताचं तूस, लाकडाचा भुसा आणि वजनासाठी बारीक वाळू मिसळलेली सापडते. दुकानातच दोन मिनिटांत पारख होते. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात चमचाभर भुसा ढवळावा आणि अर्धा मिनिट थांबावं. वाळू तळाशी बसते, बोट फिरवलं की किरकिर लागते. मग थोडा भुसा बशीत ओला करून त्यावर आयोडीनचा पातळ थेंब टाकावा. गव्हाच्या पापडीची आतली बाजू लगेच निळी-काळी होते. तूस आणि लाकूड पिवळट तपकिरीच राहतात. शंभर तुकड्यांत वीस-पंचवीस पिवळे दिसले तर पोतं परत करावं. वास घ्यावा: ताज्या भुशाला भाजक्या गव्हासारखा गोडसर वास असतो. कुबट किंवा आंबूस वास आला, किंवा हात आत घातल्यावर पोत्याचा मधला भाग कोमट लागला, तर आत ओल धरलेली आहे. ‘मिक्स पशुखाद्य’ कितीही स्वस्त पडलं तरी घेऊ नये. त्यात मीठ, कधी युरिया आणि खनिज मिश्रण असतं, आणि मग जिवाणू कशामुळे वाढला आणि कशामुळे अडला हे कुणालाच सांगता येत नाही.

दुकानांच्या सेवेबद्दल एवढंच, की या व्यापाऱ्यांचं गिऱ्हाईक म्हणजे तबेलेवाला. पाच-दहा किलो सुटा भुसा मागणाऱ्याला फोडलेल्या पोत्याच्या तळचा चुरा मिळण्याचा धोका असतो. बंद पोतं घेणं परवडतं आणि पुढच्या सगळ्या प्रयोगांना एकच माल राहतो. दोघा-तिघांनी मिळून एक पोतं वाटून घेतलं तर अधिक बरं. मिलमधून कधी आलं आणि कुठल्या मिलचं, हे विचारून पोत्यावर तारीख लिहावी.

घरी किंवा लॅबमध्ये आणल्यावर आधी चाळावा. दोन मिलिमीटरच्या चाळणीतून पडणारा आणि एक मिलिमीटरच्या चाळणीवर उरणारा भाग ठेवावा. त्याखालचा चुरा वेगळा काढावा. तो ओला झाला की हवेच्या वाटा बुजवतो. किडे, जाळी आणि सुतळीचे धागे इथेच निघतात. मग ताटात पसरून ६० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. जून ते सप्टेंबर ही पायरी टाळून चालत नाही. पावसाळ्यात भुसा हवेतली ओल शोषतो आणि त्याचा ओलावा ११ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर सहज जातो. माध्यमातल्या पाण्याच्या हिशेबाला यानं फारसा धक्का बसत नाही. घात होतो तो बुरशीनं. पोत्यात आधीच वाढलेली बुरशी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) मरते, पण तिनं खाऊन टाकलेला स्टार्च काही भुशात परत येत नाही, आणि मग एकच कृती जूनमध्ये एक आकडा देते आणि जानेवारीत दुसरा.

आता भांड्यातली कामगिरी. २५० मिलिलिटरच्या शंकूपात्रात १० ग्रॅम भुसा घ्यावा. क्षारांचं पाणी असं: एक लिटरला पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २ ग्रॅम, अमोनियम नायट्रेट ५ ग्रॅम, मीठ १ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट १ ग्रॅम, पीएच ७. यातलं १३ मिलिलिटर पाणी भुशावर घालून काचेच्या कांडीनं सगळी पापडी ओली होईपर्यंत कालवावं आणि अर्धा तास मुरू द्यावं. नंतर १ मिलिलिटर जिवाणूचं विरजण पडणार हे धरलं, तर ११ टक्के ओलाव्याच्या भुशात एकूण पाणी सुमारे ६३ टक्के होतं. हाताची पारख अशी: मूठभर घेऊन दाबलं तर लाडू वळला पाहिजे, मूठ उघडून बोटानं टोचलं तर तो मोकळा झाला पाहिजे, आणि बोटांतून पाणी ओघळता कामा नये. २० मिलिलिटर पाणी घातलं तर ओलावा ७१ टक्क्यांवर जातो, पापड्या एकमेकींना चिकटतात आणि तळाशी हवेविना आंबटपणा सुरू होतो. क्षारांच्या पाण्यातच कॅल्शियम क्लोराइड घालू नये. फॉस्फेटशी त्याची गाठ पडली की ऑटोक्लेव्हमध्ये पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. अमायलेजला टिकाव धरायला कॅल्शियम लागतं हे खरं, पण ते वेगळं निर्जंतुक करून नंतर द्यावं.

ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर ३० मिनिटं. रस्सा-माध्यमाची १५ मिनिटांची सवय इथे घात करते. भुसा उष्णता नीट वाहून नेत नाही, आणि गव्हाच्या सालीवर मुळातच बॅसिलसचे बीजाणू बसलेले असतात. कोरडा भुसा ऑटोक्लेव्ह करून नंतर पाणी घातलं तर ते बीजाणू हमखास वाचतात, कारण ओल्या वाफेनं जे मरतं ते कोरड्या उष्णतेला दाद देत नाही. उलट तासभर शिजवला तर साखर आणि प्रथिनं एकमेकांना धरतात, भुसा गडद तपकिरी होतो, करपट वास येतो आणि जिवाणूची वाढ मंदावते. प्रत्येक वेळी एक पात्र विरजणाशिवाय तसंच ३७ अंशांवर ४८ तास ठेवावं. त्यात वास आला, ओल सुटली किंवा पापड्या तारेसारख्या चिकट झाल्या, तर ती खेप मोजायचीसुद्धा नाही. मातीतून आणलेला बॅसिलस आणि भुशातलाच बॅसिलस ताटलीवर इतके सारखे दिसतात, की हे पात्र न ठेवणाऱ्याला आपण कुणाचं एन्झाइम मोजतोय याचा पत्ताच लागत नाही.

विरजण १८ तासांचं, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रवात किती प्रकाश अडतो ते मोजणाऱ्या यंत्रावर) ६०० नॅनोमीटरला साधारण १ वाचन देणारं. १० ग्रॅम भुशाला १ मिलिलिटर. ३७ अंशांवर ठेवून दर १२ तासांनी एक वेगळं पात्र काढून मोजावं. तेच पात्र पुन्हा पुन्हा उघडू नये. अमायलेजचा कळस साधारण ४८ तासांच्या आसपास येतो, प्रोटिएजचा ४८ ते ७२ तासांत. वासावरूनही अंदाज लागतो. ताज्या वाढीला ओल्या कणकेसारखा वास असतो. अमोनियाचा झणका नाकाला लागला की जिवाणू प्रथिनांवर उतरलाय, पीएच चढतोय, आणि प्रोटिएज अमायलेजलाच खायला लागलंय. पात्राऐवजी ट्रे वापरायचा असेल तर थर तीन सेंटिमीटरपेक्षा जाड करू नये. वाढीची उष्णता मध्यभागी साठते, आणि ठाण्याच्या एप्रिल-मेमध्ये तर बाहेरची हवाही ती काढून नेत नाही. थराच्या पोटात थर्मामीटर खोचून ४५ अंश दिसले तर ट्रे पातळ करावा.

एन्झाइम काढायला १० ग्रॅमच्या पात्रात १०० मिलिलिटर बफर घालून १५० फेऱ्यांवर अर्धा तास हलवावं, मलमलच्या दुहेरी कापडातून पिळावं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांवर ८००० फेऱ्यांवर १० मिनिटं फिरवावं. कॅल्शियम घातलं असेल तर फॉस्फेट बफर नको, ट्रिस घ्यावा. भुसा बरंच पाणी धरून बसतो, म्हणून पिळायला आळस केला की एन्झाइम चोथ्यातच राहतं. अर्क त्याच दिवशी मोजावा.

भुशाचा सगळ्यात मोठा दोष इथे उघडा पडतो, आणि विद्यार्थ्यांच्या अहवालांत सर्वांत जास्त फसगतही इथेच होते. डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल, साखरेसोबत उकळलं की रंग बदलणारं रसायन) पद्धत साखर मोजते. ती साखर एन्झाइमनं आत्ता तोडून काढली की भुशातून आधीच आली होती, हे तिला कळत नाही. म्हणून प्रत्येक अर्काचा स्वतःचा कोरा नमुना हवा: आधी २ मिलिलिटर डीएनएस, मग १ मिलिलिटर अर्क, मग १ मिलिलिटर एक टक्का स्टार्च, आणि खऱ्या नळीत आधी स्टार्च-अर्क ६० अंशांवर १० मिनिटं, मग डीएनएस. दोन्ही नळ्या ५ मिनिटं उकळून, गार करून, सारखं पाणी घालून ५४० नॅनोमीटरला वाचाव्या. नुसत्या पाण्याचा कोरा नमुना घेतला तर भुशाची साखर एन्झाइमच्या नावावर चढते आणि आकडा फुगतो. कोऱ्याचं वाचन ०.९ आणि खऱ्याचं १.१ असं आलं तर त्या फरकावर विश्वास ठेवू नये. अर्क दहापट पातळ करून पुन्हा करावं. एकक म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल माल्टोज, आणि उत्तर नेहमी कोरड्या भुशाच्या ग्रॅममागे द्यावं. ११ टक्के ओलाव्याचे १० ग्रॅम म्हणजे ८.९ ग्रॅम कोरडा, १५ टक्के ओलाव्याचे ८.५, हे न धरता पावसाळ्यातली आणि हिवाळ्यातली खेप शेजारी मांडली तर तुलनाच चुकते.

आता स्पर्धक. तुर्भ्याच्या बाजार समितीत कांदा-बटाटा बाजारात टाकून दिलेला बटाटा दिसतो, आणि स्टार्चच्या दृष्टीनं तो उत्तमच. पण बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी. दहा किलो आणून, धुऊन, चिरून, वाळवून दोनेक किलो हातात येतो, आणि सडका माल एका रात्रीत स्वतःच आंबतो. वाहतूक, गॅस आणि मजुरी मांडली की फुकटचा बटाटा विकतच्या भुशाच्या वर जातो. ज्याचा वेफर्सचा कारखाना शेजारीच आहे आणि साली रोज ताज्या मिळतात, त्याचा हिशेब वेगळा. त्यानं साली वाळवून भुशात एकास तीन मिसळून बघाव्या. केळीच्या सालीत पाणी आणखी जास्त, शिवाय पिकलेल्या सालीत तयार साखर. तयार साखर मिळाली की बॅसिलस अमायलेज बनवायचं थांबवतो. ग्लुकोज समोर असताना स्टार्च फोडायचे कष्ट तो का करील? डीएनएसमध्येही हीच साखर आडवी येते. मोसंबी-संत्र्याच्या सालीतलं तेल जिवाणूंना मारक असतं. पेक्टिनेज (फळांतलं पेक्टिन तोडणारं एन्झाइम) काढायचं असेल तर ही साल कामाची, पण तेल उडून जाईपर्यंत वाळवून आणि धुऊनच.

साखर कारखान्याची मळी द्रव माध्यमाला चांगली, कारण तिच्यात जवळपास निम्मी साखर असते. पण अमायलेजसाठी वरचंच कारण तिच्या आड येतं. मागताना ‘प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) नको, काळी पातळ मळी हवी’ असं बजावावं. काही ठिकाणी दोन्हीला एकच शब्द चालतो. तांदळाचा कोंडा तेलकट असतो आणि काही दिवसांतच खवट होतो. तेल काढलेला मिळाला तरच बघावा. रसवंतीची चिपाडं नुसती भुसभुशीत आधार म्हणून चालतात, त्यात जिवाणूला खायला फारसं नाही.

शेंगदाणा पेंड मात्र मन लावून बघण्यासारखी आहे. तिच्यात ४० टक्क्यांहून जास्त प्रथिनं, त्यामुळे प्रोटिएजसाठी ८ ग्रॅम भुसा आणि २ ग्रॅम पेंड हे मिश्रण नुसत्या भुशापेक्षा सरस ठरतं. नुसती पेंड घेतली तर ओली होताच लगदा होतो आणि अमोनिया लवकर सुटतो. घाण्याच्या पेंडीत तेल राहतं, ते पापड्यांवर थर धरून हवा अडवतं; तेल काढलेली डीओसी पेंड घ्यावी. आणि हिरवट-पिवळी बुरशी दिसली तर हातही लावू नये. ती अफ्लाटॉक्सिन बनवणारी असू शकते, आणि ते विष ऑटोक्लेव्हच्या उष्णतेनं पुरतं जात नाही.

माल कितीही चांगला असला तरी जिवाणू दुबळा असेल तर काय उपयोग? माती कुठून घ्यायची हेही म्हणून सांगायला हवं. येऊरचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो आणि ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे; तिथली माती किंवा खाजणातला चिखल परवानगीशिवाय उचलू नये. गरजही नाही. पीठगिरणीच्या मागची, बेकरीच्या सांडपाण्याजवळची, खानावळीत भाताचं पाणी जिथे रोज ओतलं जातं तिथली माती अमायलेजसाठी जास्त हाती लागते. १ ग्रॅम माती ९ मिलिलिटर सलाइनमध्ये, ८० अंशांवर १० मिनिटं. बीजाणू नसलेले बहुतेक जिवाणू तिथेच गळतात. मग पातळ करून १ टक्का स्टार्च अगारवर. वसाहती दिसल्या की आधी त्यांची प्रत दुसऱ्या ताटलीवर काढावी आणि मगच आयोडीन ओतावं, कारण आयोडीन त्यांना मारतं. वसाहतीभोवती स्टार्च संपल्यानं जिथे निळा रंग येत नाही त्या वलयाचा व्यास भागिले वसाहतीचा व्यास हा आकडा बघावा, पण त्यावर आंधळा भरवसा नको. अगारवर मोठं वलय देणारा जिवाणू भुशावर मागे पडतो असं पुष्कळदा दिसतं. वरचे पाच-सहा घेऊन थेट भुशावरच त्यांची शर्यत लावावी.

अर्क कामाचा आहे का, हे यंत्राविना बघायची एक सोपी रीत आहे. यंत्रमागावर ताण्याच्या सुताला खळ देतात आणि कापड रंगवण्याआधी ती काढतात. अमायलेजचा हा जुनाच धंदा. मात्र आजकालच्या खळीत पीव्हीए हा कृत्रिम पदार्थसुद्धा असतो आणि तोही आयोडीननं रंगतो, म्हणून चाचणीचं कापड आपणच तयार करावं. पांढरं सुती कापड धुऊन तांदळाच्या पेजेत बुडवून कडक वाळवावं. त्याचा तुकडा दहापट पातळ केलेल्या अर्कात ६० अंशांवर अर्धा तास, दुसरा तुकडा उकळून मारलेल्या अर्कात तेवढाच वेळ. दोन्ही खळबळून आयोडीनचा एकेक थेंब. मारलेल्या अर्कातल्या तुकड्यावर गडद निळा डाग उमटतो. चांगल्या अर्कातल्या तुकड्यावर तो जांभळट, मग तांबूस, आणि खळ पूर्ण गेली असेल तर आयोडीनचाच फिकट पिवळा राहतो.

ओळख न पटलेल्या जिवाणूचं एन्झाइम खाण्याच्या कामात वापरू नये. मातीतला बॅसिलस सेरियस अन्नातून विषबाधा करतो आणि तोही स्टार्चवर छान वलय देतो. अंड्याच्या बलकाच्या अगारवर दुधी वलय आलं तर संशय धरावा, आणि पुढे काम वाढवायचं तर १६एस जनुकाची (जिवाणूची ओळख पटवणाऱ्या जनुकाची) तपासणी करून घ्यावी. प्रोटिएजचा अर्क वाळवून भुकटी करणार असाल तर मास्क हवाच. १९६० च्या दशकाच्या अखेरीस धुण्याच्या पावडरीच्या कारखान्यांत कामगारांना याच धुळीनं दम्याचा त्रास झाला होता. वापरलेला चोथा ऑटोक्लेव्ह करून खतात टाकावा, गुरांना घालू नये.

पोतं संपत आलं की शेवटचा अर्धा किलो चाळून, वाळवून, तारीख लिहून बाजूला ठेवावा. नवं पोतं उघडलं की तोच जिवाणू, तेच पाणी, तेच ४८ तास. तीन पात्रं जुन्या भुशाची, तीन नव्याची. दोन्हींच्या सरासरीत पंधरा-वीस टक्क्यांच्या वर फरक पडला तर जिवाणूला दोष देण्याआधी दुकानदाराला विचारावं, मिल बदलली का?